हे घर तुमचंच समजा

गावात गॅस आला तेव्हा सियादरेतल्या म्हाताऱ्यांनी चौकात मिठाई वाटली. तोच गॅस घरात घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. पिवळा पाइप भिंतीला लागला की घराची कळा जाते म्हणे. कोळशाची ऊब हाडांत मुरते, गॅसची नुसती कातडी चाटून जाते म्हणे. मागच्या हिवाळ्यात नालबंद गल्लीतलं अख्खं कुटुंब कोळशाच्या विषारी वायूनं झोपेतच गेलं, त्याचं काय, असं विचारलं की उत्तर तयार : "त्यांची घटका भरली होती."

घटका! अर्सलानला वाटायचं, या लोकांच्या डोक्यांतच कुणीतरी निखारे ठेवून वरून राख लोटली आहे. विझतही नाहीत आणि उजेडही पडत नाही.

तो स्वतः तेहरानचं इंजिनिअरिंग अर्ध्यात लाथाडून घरी आलेला. गावानं तेव्हापासून त्याला 'इंजिनिअरसाहेब' म्हणायला सुरुवात केली होती. सर्वांत आधी ते नाव उचललं ते त्याच्या बापानं. अक्रोडाचा व्यापारी नुस्रत, चारचौघांत इतका गोड की माशा बसाव्यात आणि घरात असा की माशीसुद्धा बसू नये.

पण या खेपेला अर्सलानला माघार घेता येणार नव्हती. बहीण मोनीरे हमदानच्या इस्पितळात होती. मूल दिवस भरायच्या आधीच झालं होतं. ओंजळीत मावेल एवढा जीव, काचेच्या पेटीत ठेवलेला. नवरा दूर दक्षिणेत समुद्रकाठी नोकरीला, म्हणजे बाळाला घेऊन ती माहेरीच येणार. डॉक्टरीणबाईंनी अर्सलानला बाजूला घेऊन बजावलं होतं, "खोली रात्रंदिवस एकसारखी उबदार हवी. धूर नको, कोळसा तर नकोच नको. एकदा थंडी बाधली की ही फुप्फुसं तग धरायची नाहीत. घरी सोय नसेल तर आत्ताच सांगा."

"आहे की," अर्सलाननं ठोकून दिलं होतं.

घरी होती ती कोरसी. बसायच्या खोलीच्या मधोमध बुटकं चौकोनी मेज, त्याच्या खाली जमिनीतल्या खड्ड्यात राखेनं झाकलेले निखारे, आणि मेजावरून चारी बाजूंना लोळणारी भलीथोरली दुलई. चारी बाजूंना गाद्या. हिवाळाभर घर कंबरेपर्यंत त्या दुलईत शिरून बसायचं. तिथंच जेवायचं, तिथंच भांडायचं, तिथंच झोपायचं. वरच्या बाजूला बाप, डाव्या बाजूला चहाचा सामोवार घेऊन आई, उजव्या बाजूला अर्सलान आणि मोनीरे. दाराकडची चौथी बाजू रिकामी असायची. पाहुण्यासाठी.

"कोरसी काढायची," अर्सलान म्हणाला. "बॉयलर बसवायचा. प्रत्येक खोलीत रेडिएटर."

"करा की," बाबा म्हणाले. "मला काय विचारता, इंजिनिअरसाहेब? घर तुमचंच आहे."

सियादरेत या वाक्याचा अर्थ 'हात तर लावून बघ' असा होतो. याला तआरुफ म्हणतात. तोंडात साखर आणि पोटात कुलूप. टॅक्सीवाला म्हणतो, 'राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं', आणि तुम्ही खरंच उतरून चालू लागलात तर मागून येऊन गचांडी धरतो. जेवायच्या वेळी दारात आलेल्याला 'या ना, दोन घास खाऊन जा' म्हणायचं आणि त्यानं 'नको नको' म्हटलं नाही तर आठवडाभर त्याच्या नावानं बोटं मोडायची. भीड भिकेची बहीण असेल, पण इथं तिला घरची मालकीण करून ठेवलंय. अर्सलानच्या डोक्यात तिडीक जायची. त्यानं ठरवलं, या वेळी शब्द धरायचा.

"माझंच आहे ना? छान. उस्ता कुद्रत उद्या येतोय."

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण आपलाच शब्द आपणच कसा मागे घेणार?

कुद्रत मिस्त्री आला, मिशीत बर्फ घेऊन. आधी दारात 'तुम्ही आधी', 'छे, तुम्ही आधी' असं त्याचं आणि बाबांचं चाललं, तेवढ्यात अर्धं घर गार झालं. शेवटी अर्सलाननं मिस्त्रीला पाठीत ढकलून आत घेतलं. भिंती फोडल्या, पाइप आले, स्वयंपाकघरात बॉयलर टांगला. कोरसीचं मेज माळ्यावर गेलं. खड्ड्यातली राख बादल्या भरभरून बाहेर टाकली आणि खड्डा सिमेंटनं बुजवून वर गालिचा ओढला.

चौथ्या बाजूची गादी गुंडाळताना मामान मध्ये आली. अर्सलानची आई ताहेरे एरवी कशाच्या मध्ये येणारी बाई नव्हे.

"एवढी राहू दे."

"कशाला?"

"असू दे रे. कोणी आलं-गेलं..."

"मामान, खुर्च्या आहेत. आलं-गेलं खुर्चीवर बसेल."

ती बघत राहिली. त्याच्याकडे नाही, गादीकडे. गादी हातात घेतली तर चांगलीच जड लागली, आणि ओलसर. तिला ओल्या लोकरीचा वास येत होता, पावसात भिजलेल्या मेंढीसारखा. म्हाताऱ्यांच्या घरात कशाला कसला वास येतो याचा हिशेब अर्सलाननं कधीच सोडून दिला होता. त्यानं गादी परसात फेकली.

बॉयलर पेटला. घरभर पाणी गुळगुळत धावलं. स्वयंपाकघर तापलं, निजायची खोली तापली, अर्सलानची उत्तरेकडची खोली, जिथं शाईदेखील गोठायची, तीही तापली. फक्त बसायची खोली तापली नाही.

रेडिएटरला हात लावला तर चटका बसत होता. दोन पावलं मागं सरकलं की गारठा. तोसुद्धा कसा, भिंतीतून किंवा खिडकीतून येणारा नव्हे. खोलीच्या मधोमध बसलेला. चहाचा पेला गालिच्यावर ठेवला की पहिला घोट घ्यायच्या आत निवायचा. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी उमटली होती, आणि ती आतल्या बाजूनं.

"हवा अडकलीय," कुद्रत म्हणाला. त्यानं किल्ली फिरवून रेडिएटरमधली हवा काढली. फुस्स झालं, पाणी आलं. गारठा तसाच.

"आता?"

"आता होईल."

झाला नाही. मग त्यानं पंप पाहिला, झडप बदलली, आणखी एक रेडिएटर लावला. प्रत्येक वेळी 'तुमच्यासाठी जीव हाजीर आहे' म्हणायचा आणि प्रत्येक वेळी नुसती मिशी हाजीर करायचा. एकदा पाइपला कान लावून बसला होता तो एकदम उठला.

"काय झालं?"

"काही नाही... आवाज येतोय."

अर्सलाननं कान लावला. पाणी वाहत होतं. आणि त्याखाली काहीतरी बारीक, भराभर, कडकडत होतं. दातांवर दात आपटावेत तसं.

"पाइप तापला की वाजतो," तो म्हणाला.

"हो... वाजतो," कुद्रत म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला. या वेळी चहा नको म्हणाला, आणि त्याला तो खरंच नको होता.

बाबा कोपऱ्यात शाल पांघरून बसले होते. "कोरसी होती तेव्हा बरं होतं," एवढंच बोलले. पण असं बोलले की सगळा विजय त्यांचाच.

"ठीक आहे!" अर्सलान खेकसला. "ही खोली गेली खड्ड्यात. बाळाला तुमच्या निजायच्या खोलीत ठेवू."

ती घरातली सगळ्यात उबदार खोली. त्यानं तिथं पाळणा नेला, रेडिएटरचा काटा वाढवला, दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात जाताना लक्षात आलं, बसायची खोली मस्त तापली होती. शर्ट काढावा इतकी. त्याला आनंद झाला. मग त्यानं निजायच्या खोलीचं दार उघडलं, आणि गारठा गुडघ्यांना येऊन भिडला. पाळण्याच्या शेजारी, भिंतीलगत, सतरंजीवर एक खळगा पडला होता. कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसावं तसा. तिथून ओल्या लोकरीचा वास येत होता.

त्यानं स्वतःच्या खोलीतला रेडिएटर वाढवला, निजायच्या खोलीतला बंद केला. दुपारपर्यंत गारठा त्याच्या खोलीत. पुन्हा उलट केलं. गारठा उलटा परतला. जिथं ऊब जास्त, तिथं तो जाऊन बसत होता.

तेवढ्यात मोनीरेचा फोन. "आज सोडतायत आम्हाला! संध्याकाळपर्यंत पोचतो. घर तापलं ना रे?"

"तापलं."

"आवाज असा का? बॉयलर नीट आहे ना? बाळाचे पाय गरम राहिले पाहिजेत म्हणाल्यात डॉक्टरीणबाई. तुझ्यासारखे नकोत."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"म्हणजे काय! लहानपणी कोरसीखाली तुझे पाय लागले की किंचाळायचे मी. बर्फाच्या लाद्या नुसत्या. मध्येच आणून टेकवायचास. मेलं माणूस शेजारी झोपल्यासारखं वाटायचं."

त्याला हिवाळाभर लोकरीचे दोन दोन मोजे घालून झोपवायचे. दुलईखाली मध्येच येऊन टेकणारे ते उघडे, ओले, गार पाय... ते मोनीरेचे, असंच तो आजवर समजत आला होता.

"ऐकतोयस ना?"

"ये तू," तो म्हणाला. "सावकाश ये." तिला काय सांगणार होता?

फोन ठेवून तो तडक स्वयंपाकघरात गेला. आईबाप तिथं एकमेकांच्या कानाशी लागून कुजबुजत बसले होते.

"कोण आहे तो?"

"कोण कोण?" बाबा म्हणाले.

"चौथ्या बाजूचा."

मामाननं डोळ्यांना पदर लावावा तसं डोक्यावरच्या चादरीचं टोक लावलं. "मी म्हणत होते ना... गादी राहू दे."

"शू!" बाबा म्हणाले. "ऐकेल."

"ऐकू दे! बोला!"

"तू पोटात होतास तेव्हा," मामान अगदी हळू बोलू लागली. "खिंडीचा रस्ता बंद होता. दिवेलागणीला दार वाजलं. एक म्हातारा. लोकरीचा लांब कोट, सगळा भिजलेला. यांनी आत घेतलं. दाराकडच्या बाजूला बसवलं."

"बोलला काहीच नाही," बाबा म्हणाले. "चहा दिला, प्यायला नाही. वाडगाभर गरम आश दिली, डाळी-भाज्यांची, खाल्ली नाही. नुसते पाय दुलईत घालून बसला. आता माणूस अवघडलाय म्हटल्यावर मी म्हटलं, आपण म्हणतो तसं... हे घर तुमचंच समजा."

"मग?"

"मग त्यानं मान हलवली."

"मग काय झालं?"

"अरे, तसं कोणी करतं का?" बाबांच्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही तक्रार होती. "'आपली मेहेरबानी' म्हणतात, 'घर मालकालाच शोभून दिसतं' म्हणतात. यानं नुसती मान हलवली. एखादा... व्यवहार ठरावा तशी."

सकाळी गादी ओली होती आणि माणूस नव्हता. दाराला आतून कडी. दुपारी बर्फ उपसणाऱ्यांना खिंडीत एक प्रेत सापडलं. तोच कोट. पाहणारे म्हणाले, याला मरून बरेच दिवस झालेत. पुढच्या वर्षी पहिला बर्फ पडला, आणि चौथ्या बाजूची दुलई हळूच फुगून आली.

"आणि तुम्ही इतकी वर्षं काही बोलला नाहीत? त्याला?"

"काय बोलायचं?"

"ऊठ म्हणायचं! जा म्हणायचं!"

"घरी आलेल्याला?" बाबा खरोखरच हादरले.

"मेलाय तो, बाबा!"

"म्हणून काय पाहुणा नाही?"

अर्सलाननं कपाळावर हात मारला. वाटलं, हसावं की भिंतीवर डोकं आपटावं. आपण आणि मोनीरे, दोन लहान पोरं, प्रत्येक हिवाळ्यात प्रेताच्या पायाला पाय लावून झोपलो. का? तर हे दोघं भिडस्त! त्यांना मुलांपेक्षा रीत मोठी. गाव बुडालं तरी चालेल, पण पुराच्या पाण्याला आधी 'या, बसा' म्हटलं पाहिजे.

"कोणाला त्रास तरी काय होता त्याचा?" मामान पुटपुटली. "निखाऱ्यांची ऊब घ्यायचा, बसायचा. आता निखारे नाहीत म्हणून..."

"म्हणून तो माणसांच्या शेजारी जाऊन बसतोय, मामान. आज पाळण्याशेजारी बसलाय. आणि संध्याकाळी पाळण्यात बाळ असेल."

ती पांढरी पडली. एवढं तिच्या ध्यानात आलंच नव्हतं.

अर्सलान निजायच्या खोलीत शिरला. ती दोघं त्याच्या मागं दारातच थांबली, एकमेकांना धरून. दुपार होती. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. पाळणा होता, मोनीरेनं पाठवलेली निळी टोपी त्यात ठेवली होती. आणि शेजारी सतरंजीवर तो खळगा. इथं काळोख नव्हता, कोपरे स्वच्छ दिसत होते, आणि त्यामुळेच ते जास्त वाईट होतं. एवढ्या उजेडात काहीच नसलेल्या जागेकडे बघून बोलायचं.

'ए' म्हणायचं त्यानं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुम्ही... तुम्ही जे कोणी आहात. ऐका. बाबा तुम्हाला म्हणाले, हे घर तुमचंच समजा. ते खोटं बोलले."

"अर्सलान!" मागून बाबा कण्हले. "मनावर घेऊ नका हं... पोरगं तेहरानला राहून बिघडलंय..."

"गप्प बसा, बाबा! ते खोटं बोलले. त्यांच्या मनात नव्हतं. इथं सगळे असंच बोलतात, कोणाच्याच मनात नसतं. हे घर तुमचं नाही. ऊब तुमची नाही. उठा आणि निघा."

रेडिएटरमधली कडकड थांबली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग सतरंजीचा खळगा हलके हलके वर आला. लोकरीचा धागा धागा सुटत जावा तसा. गारठा उंच झाला. गुडघ्यांपर्यंत होता तो छातीपर्यंत आला, मग तोंडापर्यंत. ओला वास अगदी नाकासमोर आला आणि तिथंच थांबला. अर्सलानच्या कानाशी, खूप वर्षं न वापरलेल्या घशातून आल्यासारखं, कोणीतरी म्हणालं,

"मनात... नव्हतं?"

ते विचारलं होतं त्याला नव्हे. बाबांना.

सियादरेत कधी ज्यांचा शब्द अडला नाही ते नुस्रत. त्यांनी मान खाली घातली.

वास दारातून गेला. बाहेरचं दार उघडलं, मिटलं. बाबा सवयीनं त्याच्या मागोमाग अंगणाच्या फाटकापर्यंत पोचवायला गेले, छातीवर हात ठेवून, अनवाणी, बर्फातून. आणि मामाननं सवयीनंच वाडग्यात पाणी घेतलं आणि जाणाऱ्याच्या वाटेवर उंबऱ्यातून शिंपडलं.

"मामान!" अर्सलान ओरडला. "अगं, जाणाऱ्यामागं पाणी टाकतात ते त्यानं सुखरूप परत यावं म्हणून!"

तिनं वाडग्याकडे पाहिलं. "मेलं... हाताला वळण पडलंय रे."

त्याला संताप आवरेना. पण घटकाभरात सगळं घर तापलं. चारही खोल्या. काचेवरची नक्षी वितळून ओघळली. पाळण्याशेजारी सतरंजी सपाट, कोरडी, गरम. मामाननं हात फिरवून पाहिला, बाबांनी पाहिला. बाबा म्हणाले, "जरा जास्तच तापलं," आणि शाल काढून ठेवली. अर्सलान स्वयंपाकघरात ओट्यावर बसून उकडलेलं बीट मीठ लावून खात राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला या घरात मोकळं वाटलं. एक माणूस खरं बोलला, आणि झालं काम. एवढंच तर होतं.

मोनीरे आली तेव्हा दिवे लागले होते आणि बर्फ पुन्हा सुरू झाला होता. दार लोटून ती आत आली, गाल लाल, छातीशी दुपट्याचं गाठोडं.

"हाय, काय ऊब आहे!" ती म्हणाली. "हमाम केलात की घराचा! शाबास, इंजिनिअरसाहेब."

मामान रडली, बाबांनी बाळाच्या कपाळाला ओठ लावले. चहा आला, बत्तासे आले. अर्सलाननं गाठोड्यात डोकावून पाहिलं. मिटलेले डोळे, नखाएवढं नाक. बाळ शांत झोपलं होतं.

"गाडी चौकातच रुतली," मोनीरे कोट काढत म्हणाली. "तिथून चालत आले. गल्लीत नुसतं घसरायला होत होतं, पण आपल्या फाटकापाशी एक म्हातारे बाबा उभे होते ना, ते सोबत आले चार पावलं. आपल्याकडले नाहीत वाटतं? लोकरीचा हा एवढा लांब कोट."

मामाननं पेला बशीवर ठेवला आणि बाबांकडे पाहिलं.

"बिचारे कुडकुडत होते. म्हटलं, आत चला. तर म्हणाले, नको, मला आत बोलावलेलं नाही. मग दुपटं बाजूला करून बाळ बघितलं. कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, केवढी ऊब आहे याच्यात."

"तू काय म्हणालीस?" अर्सलान म्हणाला.

"काय म्हणणार? म्हणतो ते. 'तुमचंच आहे.'"

"पण वेडेच आहेत हो जरा," मोनीरे हसली. "मला विचारतात कसं... 'मनापासून म्हणतेस?' असं कोणी विचारतं का? मला कसंसंच झालं. आता तोंडावर काय सांगायचं? म्हटलं, हो हो, अगदी मनापासून."

अर्सलान बाळाकडे बघत होता. खोलीत घाम फुटत होता. बाबांच्या कपाळावर थेंब होते, मोनीरेनं स्वेटरही काढून टाकला होता. आणि बाळाच्या इवल्या तोंडातून, श्वासागणिक, पांढरी वाफ निघत होती. पहाटे खिंडीत उभ्या माणसाच्या तोंडून निघते तशी.

तो धावला. पायांत चपला नाहीत, अंगात कोट नाही. फाटक उघडून गल्लीत आला. बर्फाच्या पडद्याआड, थोड्या अंतरावर, एक लांब काळा आकार सावकाश खिंडीकडे चढत होता.

"ओ!" तो ओरडला. "ओ बाबा! या... आत या. चुकलं माझं. या, बसा."

आकार थांबला. वळला नाही.

"नको," तो घसा म्हणाला. किती अदबीनं. "कशाला त्रास..."

पहिला नकार ही रीत असते. अर्सलाननं ती आयुष्यभर हसण्यावारी नेली होती. आता तो बर्फात गुडघ्यांवर आला.

"त्रास कसला! तुमच्यासाठी जागा ठेवलीय. कोरसी मांडतो पुन्हा. आत्ता मांडतो, निखारे घालतो. घर तुमचंच आहे... मनापासून, शपथेवर सांगतो, मनापासून!"

"तुमची मेहेरबानी," घसा म्हणाला. "घर मालकालाच शोभून दिसतं."

दुसरा नकारही रीतच असतो. तिसऱ्यांदा बोलावलं की माणूस येतो. भूक असेल, थंडी असेल तर तिसऱ्यांदा येतोच. अर्सलानच्या तोंडात बर्फ जात होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"या ना... पाया पडतो. या."

आकारानं वळून पाहिलं. त्यानं कोटाची बटणं सोडली होती. गळ्यापर्यंत घट्ट आवळलेला तो ओला कोट त्यानं, उन्हात आलेल्या माणसासारखा, अंगावरून सैल केला होता.

"राहू दे, पोरा," तो म्हणाला. "आता थंडी वाजत नाही."

मागं घरात सगळे रेडिएटर भरभरून तापले होते. उघड्या दारातून मोनीरेचा आवाज आला, हसरा, थोडासा वैतागलेला :

"मामान, याला अजून एक दुलई दे गं."